जनामावशीचा पोहरा

जनामावशी गेली ही बातमी माझ्यापर्यंत दोनदा आली. आधी धुळ्याला भावाने सांगितलं, तापाने गेली. मग दहाव्याला नंदुरबारला पोचले, तर तिच्याच शेजारची गोदाकाकू डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "त्या सिंधीस्ना हातनं पानी पिनी, म्हनीसन मरनी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या बाईलाही सोडलं नाही यांनी!

फाळणीनंतर सिंधी निर्वासित स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरले, तेव्हापासून मावशीच्या गल्लीची जीभ सैल सुटली होती. ते महामारी घेऊन आलेत, पोरं पळवतात... एक दिवस आवई उठली की त्यांचा पापड खाऊन शिंप्याची मंजी मेली. झालं! विहिरीवर दोर-पोहरा ज्याचा त्याने आणायचा ही आमची रीत, आणि उघड्यावर आलेल्या माणसांकडे कुठला पोहरा? त्या बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या राहत आणि आमच्या बायका पोहरे काखोटीला मारून घरी जात. लाज कशी ती नाहीच.

मावशी मुलखाची फटकळ. तिने गोदाकाकूला गाठलं. "तू सोता देखं का?"

"नही, पन यमुनीनी सांगं."

"मंग चाल मन्हासंगे."

यमुनीने तिसरीचं नाव घेतलं, तीही सोबत. अशी वरात घेऊन मावशी शिंप्याच्या ओट्यावर थडकली. मेलेली मंजी तिथे बसून तेल-तिखटाशी भाकरी खात होती! कुणी चूक कबूल केली? छे! "आज नही मरनी, सकाय मरी," म्हणत बाया पांगल्या. मावशी तडक विहिरीवर गेली, आपला पोहरा एका सिंधी बाईच्या हातात दिला आणि तिने ओढलेलं पाणी सगळ्यांदेखत ओंजळीने प्यायली. पोहरा तिने पुन्हा घरी आणलाच नाही. तो कप्पीवरच राहिला, कुणीही यावं आणि पाणी भरावं.

दहाव्याच्या दुपारी मी विहिरीवर गेले, तर कप्पी रिकामी. एक सिंधी बाई कोरडी घागर घेऊन उभी. पोहरा गोदाकाकूच्या अंगणात पालथा पडला होता आणि त्याच्या दोराने तिची गाय बांधली होती. मी दोर सोडला.

"अय पोरी, तो बाटेल शे!" काकू ओरडली.

"मावशी पानी पिईसन मरनी, तू सोता देखं का?"

ती घराकडे वळली.

"मंग चाल मन्हासंगे."

मनगट धरून तिला विहिरीपर्यंत नेलं. पाणी ओढलं, पहिली ओंजळ मी प्यायले, दुसरी तिच्यापुढे धरली... तिने तोंड फिरवलं. फिरवू दे. उरलेलं पाणी मी त्या बाईच्या घागरीत ओतलं. पोहरा कप्पीवर आहे, आणि तो पुन्हा कुणी काढला, तर मी धुळ्याहून पुन्हा येणार आहे.