सत्काराचं तबक

सिल्वासाच्या आमच्या कॉलेजात फुटबॉलचे दोन संघ होते, एक मुलांचा आणि एक आम्हा मुलींचा. दोघांना अगदी सारखं वागवतो, असं आमचे क्रीडाशिक्षक प्रत्येक भाषणात सांगायचे. मैदान तर एकच होतं. मुलं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर खेळायची. आम्ही भर दुपारी, कारण खानवेलच्या मुलींना बस गाठायची असायची. मुलांचा सामना असला की आम्ही साड्या नेसून पाहुण्यांना ओवाळायचो. आमच्या सामन्याला मुलं फिरकायची नाहीत. त्यांना म्हणे विश्रांती लागायची. कसली विश्रांती, डोंबल!

त्या वर्षी मुलं पहिल्याच फेरीत हरली आणि आम्ही करंडक आणला. कॉलेजने आमचा सत्कार ठेवला. आदल्या दिवशी मी सरांना विचारलं, "सर, उद्या तबक कोण धरणार?"

"कोण म्हणजे? तुम्हीच. मुलांना कुठे जमतं ते!"

म्हणून मी, संघाची कर्णधार, साडी नेसून तबक घेऊन स्टेजवर उभी राहिले. शेजारी पाहुणे, सायलीतल्या एका कारखान्याचे मालक. माझंच नाव पुकारलं गेलं. पाहुण्यांनी तबकातली शाल उचलून माझ्या खांद्यावर घातली. मग नारळ उचलला, माझे दोन्ही हात अडकलेले पाहिले आणि तो पुन्हा तबकातच ठेवला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात मुलांचा संघ वाजवत होता. त्यांचे हात मोकळे होते.