सायलेन्सर भाजायची वाट

आमचं गॅरेज कान्हे गावात, घराच्या पडवीतच आहे. नवरा दुचाकी गाड्या दुरुस्त करतो, मी सायलेन्सर घासते. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, थिनरच्या फडक्याने पुसायचं, की माझं काम संपलं. रंग मात्र नवराच मारायचा. हा साधा रंग नसतो, तापलेल्या सायलेन्सरवर टिकणारा असतो. तो नुसता वाळून भागत नाही, भाजावा लागतो. कारखान्यात त्याला भट्टी असते. आमच्याकडे भट्टी नाही, म्हणून आम्ही रस्त्यावर भाजतो. गाडी थोडी चालवायची, गार होऊ द्यायची, मग जास्त चालवायची, परत गार. असं तीनदा.

गिऱ्हाईक व्हय व्हय म्हणायचं आणि एका दमात खंडाळा गाठायचं. मग रंगाला फोड यायचे आणि बोलणी नवरा खायचा. मला वाटायचं, नुसतं थांबा म्हटल्यावर कोण थांबेल? काहीतरी निमित्त पाहिजे. मी गिऱ्हाइकाला टप्पे लावून दिले. कामशेतला चहा, कार्ला फाट्यावर वडापाव, शेवटी खंडाळा.

"तुजं समदं पोटापासनं सुरू हुतं," नवरा म्हणाला. पण फोड कमी झाले. मग मी धीर करून म्हटलं, एक सायलेन्सर मला रंगवू द्या.

"रंगव. पर फोड आला, तर तारेचा ब्रश परत तुज्या हातात."

तो सायलेन्सर तळेगावच्या एका शाळेतल्या मॅडमचा होता. त्यांना तांब्यासारखा रंग हवा होता. मी तीन पातळ हात दिले. त्या गाडी न्यायला आल्या तेव्हा नवरा नेमका सामान आणायला गेलेला. मी चौथी शिकलेली, अनोळखी माणसासमोर आवाज घशातच राहतो, आणि या तर शिकवणाऱ्या. टप्पे कसेबसे सांगितले. त्यांना अर्धेच ऐकू गेले असतील.

"ताई, तुम्हीच चला ना सोबत," त्या म्हणाल्या. "मला खंडाळ्यालाच जायचंय, येताना सोडते."

नाही म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून मी मागे बसले.

कामशेतला टपरीपुढे गाडी उभी केली आणि सायलेन्सरवरून धूर निघायला लागला. पहिल्यांदा तापताना तो निघतोच, वासही येतो. हे मला माहीत होतं, टपरीवाल्याला नव्हतं.

"ओ मॅडम, गाडी पेटली तुमची," म्हणत त्याने कप विसळायची बादली उचलली.

तापलेल्या कच्च्या रंगावर गार पाणी पडलं की संपलं. मी मधे जाऊन उभी राहिले. अख्खी बादली माझ्या अंगावर आली.

"पाणी न्हाई. त्याला पाणी न्हाई घालायचं."

टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडे वळली, तेव्हा कळलं माझा आवाज केवढा निघाला होता.

"आवं वयनी, मग आदी सांगायचं," टपरीवाला म्हणाला.

"आत्ता सांगितलं की."

मॅडम हसून हसून बाकड्यावर बसल्या. त्याने मला आल्याचा चहा दिला आणि गाडी निघेपर्यंत सायलेन्सरपासून चार हात लांब उभा राहिला.

कार्ल्याला वडापाव खाताना धूर कमी होता. माझी साडीही बरीच वाळली होती. मी सायलेन्सरजवळ हात धरून, तव्याची धग बघतात तशी बघितली, आणि गार झाल्यावरच निघालो. खंडाळ्याला पोचल्यावर धूर नाही, वास नाही. मॅडम दरी बघत होत्या, मी खाली बसून सायलेन्सर बघत होते.

"ताई, इकडे या, किती छान दिसतंय."

"हितं बी छान दिसतंय," मी म्हटलं.

परत आलो तेव्हा नवरा दारातच होता. त्याने सायलेन्सर गार होऊ दिला, मग इंजिनजवळच्या वाकावर, जिथे फोड पहिला येतो, तिथे नख ओढून पाहिलं. रंग हलला नाही. तो उठला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"तुज्या केसात चहापत्ती कशी काय?"

मॅडमनी सगळं सांगितलं, माझा आवाज काढूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारेचा ब्रश शोधायला गेले, तर तो घेऊन नवराच सायलेन्सर घासत बसला होता.

परवा कामशेतचा टपरीवाला त्याची गाडी घेऊन आला. काय काम आहे, नवऱ्याने विचारलं.

"तुमाला न्हाई, वयनीला सांगायचंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सायलेन्सर काळा पायजे. आन बादली टपरीतच ठिवून आलोय."