तंगाखाली दोन बोटं

५ डिसेंबर १९६४, शनिवार. दुपारी तीनच्या सुमारास मी खोगिरांच्या खोलीत बसून तंगांना एरंडेल लावत होते. तंग म्हणजे खोगीर आवळण्यासाठी घोड्याच्या पोटाखालून घेतलेला चामडी पट्टा. समुद्र इतका जवळ असला की चामड्यावर आठवड्यात पांढरी बुरशी चढते आणि शिवण आतून कुजते. वरून काही दिसत नाही. म्हणून दर शनिवारी प्रत्येक पट्टा उलटा करून पुसायचा, तेल चोळायचं, टाके नखाने ओढून बघायचे. रविवारी सकाळी मुलं घोड्यावर बसायची.

पहिला पट्टा पुसून बक्कल ओढलं, आणि डाव्या खांद्यामागून आवाज आला, "बस?"

मी वळून पाहिलं नाही. तीन वर्षं हा आवाज ऐकत होते. वळलं की मागे कोणी नसायचं, हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी दुसरा पट्टा घेतला.

आमची घोडेस्वारीची शाळा डहाणूच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांमागे होती. मालक चिकूच्या वाडीवाले म्हातारे पारशी. सगळे त्यांना बावाजी म्हणायचे. सात घोडे, शिकायला वीस-बावीस मुलं. त्यात निम्म्या मुली. बाईमाणूस हजर असेल तरच लोक मुली पाठवतील हे बावाजींनी ओळखलं, म्हणून मला नोकरी मिळाली. माझे वडील पोलिसांच्या घोड्यांना नाल ठोकायचे. त्यामुळे मला घोड्यांची भीती नव्हती, आणि कौतुकही नव्हतं. यजमान स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पडलीस तर स्वयंपाक कोण करणार?"

"कोणी पडू नये हेच बघायला ठेवलंय मला," मी म्हटलं.

आणि मी ते बघत होते. चप्पल घालून आलेल्या मुलीला परत पाठवायचं; टाच असलेला बूटच हवा, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेलं मूल घोड्यामागे फरफटतं. वेण्या वर बांधायच्या, बांगड्या उतरवायच्या. घोड्याच्या मागून जायचं नाही. ओहोटीच्या घट्ट वाळूवरच घोडे दौडवायचे, आणि बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपासून लांब, कारण वाऱ्यावर बोंबील फडफडले की घोडा बुजतो. मच्छीवाल्या बायका तिथून ओरडायच्या, "ए बाय, तुझ्या घोड्याला सांग, बोंबील काय चावत नाय!" मी म्हणायची, "तूच ये सांगायला, तुझं ऐकेल." त्या खो-खो हसायच्या, पण काठ्या लांब सरकवायच्या.

सगळ्यांत मोठा नियम तंगाचा. घोडा लबाड असतो. तंग आवळताना पोट फुगवतो आणि आपण वळलो की श्वास सोडतो; पट्टा ढिला पडतो. म्हणून एकदा आवळायचा, दहा पावलं चालवायचं, मग पुन्हा आवळायचा. ते काम घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दाराचं. तो तलासरीकडचा वारली, चाळिशीचा, बोलायला कमी. घोड्याच्या पोटाखाली वाकून तो पट्टा ओढायचा आणि विचारायचा, "बस?" मी तंगाखाली दोन बोटं घालून बघायची. बोटं जेमतेम शिरली तर म्हणायची, "बस." मग तो बाजूला व्हायचा आणि मी मुलीला म्हणायची, "चढ."

आपल्या भाषेत 'बस' म्हणजे पुरे, आणि 'बस' म्हणजे खाली बसही. सहा वर्षं मी हा शब्द दिवसाला पन्नास वेळा वापरला आणि त्यात दोन अर्थ आहेत हे मनात आलं नाही.

एकसष्टच्या थंडीतली गोष्ट. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कारकुनाची अकरा वर्षांची मुलगी पांढऱ्या घोडीजवळ उभी होती. मोतद्दार दुसऱ्यांदा तंग ओढायला वाकला होता. माझ्यामागे बाकावर बसायला सांगितलेली एक लहान मुलगी सारखी उठून पुढे येत होती. मी मान वळवून तिच्यावर ओरडले, "बस!"

पुन्हा वळले तर मोतद्दार बाजूला होऊन उभा होता. तो बाजूला झाला म्हणजे मी बोटं घातली, असं माझ्या डोक्याने धरलं. रोज तसंच व्हायचं. मी मुलीला म्हटलं, "चढ."

घोडी दौडायला लागल्यावर खोगीर हळूहळू उजवीकडे कललं. मुलगी ओरडली नाही. खोगिराबरोबर तीही कलत गेली, आणि मग घोडी एकटीच पुढे गेली, खोगीर पोटाखाली लोंबकळत.

मुलगी वाचली. कोपर मात्र असं मोडलं की हात कधी सरळ झाला नाही. पुढे ती डहाणू रोडच्या बाजारात दिसायची, पिशवी नेहमी डाव्या हातात.

त्याच दुपारी बावाजींनी आम्हा दोघांना उभं केलं. बक्कल तिसऱ्या भोकात होतं. पांढरीला पाचवं लागायचं.

"ढिला कसा सोडला?" त्यांनी मोतद्दाराला विचारलं.

"बाय बस बोलली, शेठ."

बावाजी माझ्याकडे वळले. "तू बोलली?"

"मी त्या लहान मुलीला बस म्हटलं. खाली बस."

"ते जाऊ दे. बोटं घातली होती तू?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. मी हो म्हटल्यावर हिशेब सोपा झाला. मी तपासला तेव्हा तंग घट्ट होता, म्हणजे नंतर बक्कल त्यानेच सैल केलं. बावाजींनी त्याला तिथेच कामावरून काढलं. मोतद्दाराने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि तो गेला. जाताना घोडीच्या अंगावरचं घोंगडं मात्र नीट करून गेला.

दुसऱ्या आठवड्यापासून मी 'बस'ऐवजी 'पुरे' म्हणायला लागले. नव्या मोतद्दारालाही तेच शिकवलं. पण पट्टा ओढला की मागून तो जुना शब्द यायचाच. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माणूस जिवंत होता, तलासरीला गवत कापत होता, हे मला माहीत होतं. तरी आवाज यायचा. बांधलेलं काहीही दिसलं की मी त्याखाली दोन बोटं घालायची. वळकटीचा पट्टा, पापडाच्या डब्याची दोरी, कोथिंबिरीच्या जुडीची सुतळीसुद्धा. यजमान म्हणायचे, "आता त्या जुडीवर कोण बसणार आहे?" मी हसायची आणि बोटं काढायची. पांढऱ्या घोडीला त्या दिवशीचं खोगीर मी पुन्हा घातलं नाही. ते शेवटच्या खुंटीवर होतं. दर शनिवारी त्यालाही तेल लावायची. तिसरं भोक ताणलं जाऊन लांबट झालं होतं. बोटाला न बघता लागायचं.

तर त्या शनिवारी मी दुसरा पट्टा घेतला, आणि मागून कोणीतरी खोकलं.

तीन वर्षांत आवाज कधी खोकला नव्हता. मी वळले. मोतद्दार दारात उभा होता. वाळला होता. दोन्ही हातांवर गवताने कापल्याच्या रेघा होत्या.

"मघाशी इचारलं, बाय. बस? काम झालं का म्हणून. तू वळलीच नाय."

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. हेही खोटंच.

तो उंबरठ्यावर टेकला. कोसबाडला एका वाडीवाल्याने टांग्यासाठी दोन घोडे घेतले होते. याला ठेवायला तो तयार होता, राहायला खोलीसकट. पण आधीच्या मालकाची चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी नाही तर पुन्हा गवत.

"शेठकडे गेलास?"

"गेलो. शेठ बोलला, तंग ढिला सोडनाऱ्याला चिठ्ठी नाय." तो पांढरीच्या जुन्या खोगिराच्या खुंटीकडे बघत होता. "उद्या सकाळी शेठला शेवटचं इचारतो. मंग जातो."

मी तेलाचं फडकं पिळलं. त्यात पिळण्यासारखं काही नव्हतं.

"बाय, एक इचारू? तू तवा बोटं घातली होती?"

"तुला काय वाटतं?"

"मी पोटाखाली वाकलेला. मला दिसत नाय." त्याने माझ्या मनगटाकडे बोट केलं. "पन तू बोटं घातली की बांगड्या खोगिराला लागतात. वाजतात. मी तेच ऐकायचो. त्या दिवशी वाजल्या नाय."

मुलींच्या बांगड्या मी उतरवून घ्यायची. माझ्या स्वतःच्या दोन कधी उतरवल्या नव्हत्या.

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू हो बोलली ना. शेठसमोर तुला खोटं कसं पाडू?" जरा थांबून तो म्हणाला, "आता मलाच समजत नाय. रोज इचार येतो, वाजल्या असतील, मीच बहिरा. मीच सोडला असंल. पोरीचा हात मीच मोडला असंल."

मला उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "उद्या सकाळी ये. सातला." तो उठला आणि गेला. मी उरलेले पट्टे पुसले, खोली बंद केली, घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. बांगड्या परातीला लागून वाजत होत्या. एरवी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या दिवशी प्रत्येक भाकरीला ऐकल्या.

सकाळी सहाला मी बावाजींच्या ओट्यावर होते. ते बशीतून चहा पीत होते.

"बोटं घातली नव्हती मी," मी म्हटलं. "एकसष्टला. पांढरीच्या तंगात. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. त्याची चूक नव्हती."

त्यांनी बशी खाली ठेवली. "त्रण वरस," ते म्हणाले. "त्रण वरस पछी बोलते तू?"

"हो."

"नोकरी जाईल, म्हाइत हाय?"

"माहीत आहे."

त्यांनी बशी उचलून चहा संपवला. मग आतून कागद मागवला, गुजरातीत चार ओळी लिहिल्या, सही केली. "आज बावीस पोरं येनार. तू गेली तर त्यांना कोन चढवनार? ऱ्हा तू. पन आजपासून तुझ्या बोटांनंतर माझी बोटं. दर घोड्याला. पोरांसमोर."

सातला मोतद्दार आला. त्याला वाचता येत नव्हतं. मी चिठ्ठी मराठीत सांगितली: हा माणूस घोड्यांचं काम उत्तम जाणतो, इथे झालेल्या अपघातात याचा दोष नव्हता, दोष तपासणाऱ्या बाईचा होता, तिने तपासलंच नव्हतं.

"परत वाच."

मी परत वाचली. तिसऱ्यांदाही वाचली. त्याने चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली. तो पांढऱ्या घोडीपाशी गेला, तिच्या मानेवर हात फिरवला, आणि कोसबाडच्या रस्त्याला लागला. मला राम राम त्याने केला नाही. करायला हवा होता असंही मला म्हणता येत नाही.

मग मुलं आली. मी दोन्ही बांगड्या उतरवून खिडकीत ठेवल्या. एकेका घोड्याच्या तंगाखाली बोटं घातली, "पुरे" म्हटलं आणि बाजूला सरले. काठी टेकत बावाजी यायचे, माझ्यानंतर आपली बोटं घालायचे, मान हलवायचे. मोठ्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. पाच घोडे झाले. सहावी पांढरी. मी वाकून बोटं घातली, आणि डाव्या खांद्यामागून आवाज आला, "बस?"

बावाजी उजवीकडे उभे होते. नवा मोतद्दार पुढे लगाम धरून होता. मी बोटं काढली, पुन्हा घातली, "पुरे" म्हटलं आणि सातव्या घोड्याकडे गेले.