केळीच्या बागेतला आवाज

परवा देवपुरात शेजाऱ्यांनी सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खुंट बांधले आणि त्या ओल्या, तुरट वासाने मला गावाकडची तापीकाठची बाग आठवली. गावच्या क्रिकेट स्पर्धेची फायनल होती, शेवटची ओव्हर माझी. लागोपाठ षटकार बसले, चेंडू शेजारच्या केळीबागेत गेला. आमच्याकडे रीत अशी, की ज्याला षटकार बसला त्यानेच चेंडू आणायचा. हात थरथरत होते. जरा आत शिरलो आणि मैदानावरचा आरडाओरडा एकदम थांबला. भरदुपारी आत हिरवा अंधार होता. पाठीमागून म्हातारा आवाज आला, "बस घडीभर, भाऊ. व्हयनं ते व्हयनं. आते पुढला बॉल देख." झालं ते झालं म्हणणारं हे कोण, ते वळून बघायची हिंमत झाली नाही. मी तिथेच बसलो. श्वास थाऱ्यावर आला, तेव्हा चेंडू पायाशीच दिसला. त्यानंतर मी एकही धाव दिली नाही. आम्ही जिंकलो. आत कोण होतं, असं बागवाल्याला विचारलं, तर तो हसला, "बठ्ठं गाव मैदानवर व्हतं. बागमा कोन ऱ्हाई?" अजूनही काही बिनसलं की मी डोळे मिटतो, तो आवाज येतो आणि हात शांत होतात. फक्त दर वेळी तो थोडा अधिक जवळून येतो.