पुलावरचा चौकीदार

पंख्याचं एक पातं जरा वाकडं. उकडलेल्या शेंगांचा वास. बॅटरी सतरा टक्के. जिन्यावर कुणीतरी चपला झटकतंय. पडद्यावर, आजवर खेळलेला वेळ: एकसष्ट तास, चाळीस मिनिटं.

रविवारची दुपार. केतकी पलंगावर कुशीवर पडली आहे, आणि हातातला खेळ डोळ्यांपासून लांब लांब जातो आहे. हा खेळ तिच्या धाकट्या भावाचा, हेरंबचा. मूळ जुना, परदेशी व्हिडिओ गेम. हेरंबने सात वर्षं खपून त्यातलं गाव काढलं आणि आपलं कऱ्हाड बसवलं. राक्षसांना गल्लीतली नावं दिली. यात सेव्ह एकच राहतं. शेवटचं हेरंबचं: टोपीवाला नायक कृष्णेच्या पुलाशी उभा, समोर चौकीदार. हेरंब जाऊन दहा महिने झाले. केतकी रोज तिथूनच खेळते आणि सेव्ह न करता बंद करते. केलं तर त्याची जागा पुसली जाईल.

पुलावर ऊन आहे, सावली कशाचीच नाही. चौकीदाराच्या स्टुलावर हेरंब शेंगा सोलत बसला आहे.

“ताई, अजून किती दिवस मला इथं उभं करणार?”

“बसलायस की.”

“आत्ता बसलो. दहा महिन्यांत पोटऱ्यांचं लाकूड झालं.”

“सेव्ह केलं तर तू जाशील.”

“मी गेलोच आहे की गं.” तो टरफलं नदीत टाकतो. “अडकलाय तो बिचारा टोपीवाला. त्याला तरी पलीकडे सोड.”

“तुझा चौकीदार हटत नाही. तलवार दाखवली, औषध दिलं, भांडूनही झालं.”

“घरी गेली होतीस?”

“कुठल्या?”

“खेळातल्या. आईला न भेटता कुठं निघालीस, येडे?”

पूल आता स्वयंपाकघर आहे. ओट्यापाशी ठिपक्याठिपक्यांची आई. ती केतकीच्या तळहातावर चमचाभर दही ठेवते, वर साखर. साखरेचा प्रत्येक दाणा खेळातल्यासारखा चौकोनी. केतकी चाटते. ओटा संपतो तिथे पूल सुरू होतो. चौकीदार बाजूला झाला आहे. स्टूल रिकामं.

“हेरंब?”

“दाब आता,” मागून कुठूनतरी. “आणि शेंगा सगळ्या संपवू नकोस.”

ती दाबते.

चार वाजलेत. दारात आई, खरी.

“केतके, चहा टाकू? झोपेत बोटं कसली चालवत होतीस गं?”

केतकी पडद्याकडे बघते. सेव्ह: एकसष्ट तास, अठ्ठावन्न मिनिटं. नायक पुलाच्या पलीकडे.

“टाक,” ती म्हणते. “आणि शेंगा आहेत का अजून?”

सात वर्षांपूर्वी, हेरंबने चौकीदार बनवला त्या संध्याकाळी, ‘हातावर दही घेतल्याशिवाय याने कुणाला पूल ओलांडू द्यायचा नाही’ असं त्याला केतकीनेच सुचवलं होतं.