खळ्यावरचा हॉपमन कप

शिरड शहापुरात मसाजीच्या घरामागं एक खळं आहे. सोयाबीन आता मशीन येऊन शेतातल्या शेतात काढून देतं, त्यामुळं गावातली निम्मी खळी मोडली. कुणी तिथं गोठा बांधला, कुणी ट्रॅक्टर उभा करतो. मसाजीनं मात्र सिद्धेश्वर धरणावरच्या कोंडीबा भोयाकडून मासे धरायचं फाटकं जाळं आणलं, खळ्याच्या मधोमध आडवं बांधलं, चुन्यानं रेघा मारल्या, आणि तेव्हापासून तो त्या खळ्याला कोर्ट म्हणतो. गाव हसतं. गावाचं हसू मसाजीला कधी बोचलं नाही. त्याला बोचतं ते वेगळंच, आणि ते पुण्यात राहतं.

मसाजी नोकरीला धरणावर होता, पाटबंधारे खात्यात मजूर. वसाहतीत साहेब लोकांचं टेनिसचं कोर्ट होतं. कोर्ट म्हणजे काय, तर मुरूम अंथरून, जड लाकडी धुमसानं ठोकून, वरून शेणानं सारवलेलं मोठं अंगण. ठोकायचं मसाजीनं आणि सारवायचं त्याच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं. तिच्या हाताखाली आणखी चार बाया असत, पण शेवटचा हात तिचाच. पार लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि मागं मागं सरकत फाटकाशी यायचं, हा तिचा नेम. कोर्ट असं उतरायचं की चेंडू तर सोडाच, जेवण वाढावं वाटे.

त्या वेळचे मोठे साहेब आणि त्यांच्या मंडळी करुणाबाई दोघंही खेळत. पण समोर जोडी नसली की करणार काय? एक दिवस करुणाबाईंनी ह्या दोघांनाच जाळीपलीकडं उभं केलं. सत्यभामाबाईनं पदर खोचला, चपला काढल्या, आणि लाकडी रॅकेट झारा धरावा तशी धरली. पहिले दहा चेंडू कॅनॉलकडं गेले. अकरावा साहेबांच्या पायाशी पडला आणि साहेब बघत राहिले. मसाजी सांगतो की त्या दिवशी त्याला आपल्या बायकोचा असा अभिमान वाटला, की त्यानं घरी जाऊन स्वतः चहा केला. आता चहा केला ह्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तर त्या काळी आमच्याकडं ते सांगण्यासारखंच होतं.

मग साहेबांकडं डिशचा टीव्ही आला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातला हॉपमन कप दिसू लागला. साहेबांनी समजावून सांगितलं: एका देशाचा एक गडी, एक बाई. गडी एकटा खेळणार, बाई एकटी खेळणार, मग दोघं जोडीनं. एकेक बरोबरी झाली, की निकाल जोडीवर.

सत्यभामाबाई दाराशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे आपल्या घरावानीच की. हे दिसभर पाटावर एकटे, मी रानात एकटी. आन जितलो का हारलो, ते सांजच्याला दोघं मिळून."

साहेब हसले, पण मसाजीच्या मनात ते जाऊन बसलं. त्या दिवसापासून तो कप त्याच्या घरचा झाला. जत्रेची तारीख चुकेल, कपाची नाही. आधीच्या सालांचंही त्यानं साहेबांना विचारून घेतलं: पहिल्या साली चेकोस्लोव्हाकिया जिंकला आणि पुढं तो देशच दुभंगला. दुसऱ्या साली स्पेनचे सख्खे बहीणभाऊ जिंकले. जिंकणाऱ्या जोडीला हिरे जडवलेले चेंडू देतात, हे कळल्यावर सत्यभामाबाईनं विचारलं होतं, की एवढ्या महागाचा चेंडू कॅनॉलात गेला तर उतरायचं कुणी? २००७ साली भारताची जोडी तिथं खेळली, तेव्हा मसाजीनं वसाहतीत पेढे वाटले. कप काही मिळाला नव्हता. नुसते खेळायला गेले म्हणून वाटले.

आणि एक गोष्ट त्याला फार भावायची. ज्या हॉपमनच्या नावानं कप, तो टेनिसचा जुना उस्ताद हा कप सुरू व्हायच्या आधीच वारला होता. पण त्याची बायको कपासाठी वर्षानुवर्षं अमेरिकेहून पर्थला येत राहिली. कॅमेरा त्या म्हातारीवर गेला, की मसाजी आवाज मोठा करायचा. ती काही बोलत नसे, तरी करायचा.

साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी दोन लाकडी रॅकेटी ह्या दोघांना दिल्या. मसाजी रिटायर होऊन शिरड शहापूरला आला, खळ्याचं कोर्ट झालं, रॅकेटीच्या तुटलेल्या तारा मासेमारीच्या नायलॉन तंगुसानं विणल्या गेल्या. सकाळचा चहा घेत घरच्या टीव्हीवर सामना बघायचा आणि मग खळ्यावर दोघांनी तासभर खेळायचं, असा म्हातारपणाचा जानेवारी सुरू झाला. पोरगा शिवशंकर पुण्याला कंपनीत लागला होता. घरात दोघंच. मसाजीच्या जन्मातले तेच बरे दिवस.

२०१९ चा अंतिम सामना त्यांनी जोडीनं बघितला. एकेक बरोबरी झाली आणि जोडीचा सामना पार शेवटच्या एका गुणावर आला. त्या गुणाला सत्यभामाबाईनं मसाजीचा हात धरला होता. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. सून दिपाली बाळंत झाली होती, तिला नोकरीवर परतायचं होतं.

"लेकरू चालाया लागलं की येते," ती म्हणाली होती.

लेकरू, म्हणजे राजनंदिनी, चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत गेली. मग रुद्र झाला. तोही चालायला लागला. सत्यभामाबाई यायची ती पाहुण्यासारखी, लग्नकार्यापुरती, आणि जानेवारीत तर कधीच नाही. इकडं कपही बंद पडला. त्याच्या जागी नव्या नावाची स्पर्धा आली. तिच्यात एकेका देशाचे तीन-चार गडी आणि तीन-चार बाया. मसाजीनं एक दिवस बघितली आणि टीव्ही बंद केला. "ही तर सारी भावकीच उतरली मैदानात," म्हणाला. मधे एकदा जुन्या नावानं कप फ्रान्समध्ये भरला, तोही भर उन्हाळ्यात आणि एकदाच. नाव परत आलं, घर काही परत आलं नाही. मसाजीला त्याचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते वाईट वाटणं कपासाठी नव्हतंच.

एवढी ओढ होती तर गडी स्वतः पुण्याला काहून गेला नाही? बारशाला दोन दिवस गेला होता, तेवढाच. त्याचं म्हणणं, घर इथं आहे, तर घरी येणाऱ्यानं यावं. हट्टी माणूस. दर डिसेंबरात फोनवर टोमणा ठरलेला, "ती म्हातारी अमेरिकेहून येत व्हती. तुला पुण्याहून व्हईना!"

एकदा सत्यभामाबाई म्हणाली, "ती ज्याच्यासाठी येत व्हती, तो बिचारा उलटून बोलत नव्हता."

गेल्या डिसेंबरात मात्र ती आपणहून म्हणाली, की रुद्रही आता शाळेत जातो, तर जानेवारीला येते. मसाजीनं मुरूम आणला, पाणी मारून धुमसानं ठोकला. मग तिचा पुन्हा फोन आला, की राजनंदिनीच्या शाळेत गॅदरिंग आहे, तर चारच दिवस जमेल.

"चार दिस?" मसाजी भडकला. "चार दिसांसाठी येऊ नको. पाव्हणी हायस का तू?"

बोलला आणि पस्तावला. पण फोन करून 'चुकलो' म्हणणं त्याच्या खानदानात कुणाला आलेलं नाही. आठ दिवस तो घुमत राहिला. शेवटी त्यानं ठरवलं, की खळं सारवायचं. तिनं सात वर्षं हात न लावलेलं कोर्ट सारवून, रेघा मारून ठेवायचं आणि शेजारच्या पोराकडून फोटो पाठवायचा. ती समजेल.

उजाडताच त्यानं शेण कालवलं. जन्मभर ठोकायचं काम केलेलं, सारवायचं कधी नाही. फाटकातून आत आला आणि फाटकापासूनच सारवत सुटला. साडेआठच्या सुमारास शेवटचा हात फिरवून पाठ ताठ केली, तर मागं गोठ्याची भिंत, बाजूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि पुढं फाटकापर्यंत ओलंगच्च कोर्ट. आपणच सारवून आपणच कोपऱ्यात कोंडले गेलो, हे त्याला तेव्हा कळलं. मसाजी स्वतःवरच हसला.

तेवढ्यात ओसरीवर फोन वाजला. ह्या वेळेला फोन तिचाच. मसाजीनं पाय उचलला आणि खाली बघितलं. असं गुळगुळीत उतरलं होतं, की खुद्द सत्यभामाबाईनं नाव ठेवलं नसतं. त्यानं पाय परत घेतला. वाळू दे, मग आपणच फोन करू, सोबत फोटोच पाठवू. फोन पुन्हा वाजला. मग पुन्हा. मसाजी भिंतीला टेकून उभा राहिला आणि प्रत्येक वेळी मनात म्हणाला, थांब गं, तुझंच काम चाललंय.

चौथ्यांदा फोन वाजला नाही. तो वाजेना, तसा मसाजी वाकून सारवण बोटानं चाचपू लागला. थंडीचं ऊन, सारवण वाळायचं नाव घेईना. तास गेला. मग त्याच्यानं राहवेना. तो सरळ कोर्टावरून चालत निघाला, शेणात पावलं उमटवत, जाळ्याखालून वाकून, थेट ओसरीवर.

"कुठं हायस?"

"घरी. आन कुठं असणार?" मागं कुकरची शिट्टी झाली.

"फोन काहून केला व्हता?"

ती म्हणाली, "शिवानं मला स्टँडवर आणलं व्हतं. हिंगोलीच्या गाडीत बसले व्हते. पण तुमी येऊ नको म्हणले व्हते ना. म्हणलं, इचारून घ्यावं, येऊ का म्हणून. तीनदा केला. कंडक्टर म्हणला, मावशी, येता का उतरता? मग उतरले."

मसाजी ओसरीवर मटकन बसला. सात वर्षांनी ती जानेवारीसाठी गाडीत बसली होती, आणि त्यानं कोर्ट जपलं होतं.

"खळं सारवून राहिलो व्हतो," कसंबसं म्हणाला. "तुझ्यासाठी. कोपऱ्यात अडकलो."

"सुरुवात कुठून केली?"

"फाटकाकडून."

"फाटकाकडून!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "अहो, आधी आपली जायची वाट ठेवायची, मग सारवायचं. इतके साल डोळ्यांनी बघितलं की तुमी!"

"तिथंच थांब," मसाजी म्हणाला. "मी येतो."

"तुमी? पुण्याला? आन कोर्ट?"

"खळं हाय ते. कुठं पळून जातं?" मग त्यानं आठ दिवस अडकलेलं विचारून टाकलं, "चार दिस तरी ठेवून घेशील ना?"

पलीकडं कुकरची आणखी एक शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"काहून?" सत्यभामाबाई म्हणाली. "पाव्हणे हायत का तुमी?"

दुपारी मसाजी फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होता. पायाला शेण तसंच होतं, आणि खांद्यावरच्या पिशवीतून दोन रॅकेटींच्या मुठी बाहेर आलेल्या होत्या.