सलीमभाईंची मेनफ्रेम

आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये किस्से बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, भुशासारखे साचतात. सकाळी झाडावं, तर दुपारी पुन्हा थर! सध्या सगळे किस्से एकाच मशीनचे. कपाटाएवढी जुनी मेनफ्रेम, उसाच्या गाड्यांचे नंबर आजवर तीच लावत आलीये. ती बंद करून सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलं, आणि शेवटची कमांड द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

पुण्याचा कन्सल्टंट पहिल्यांदा आला तेव्हा सलीमभाई होते. मशीनचे प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेले, मला शिकवलंही त्यांनीच. कन्सल्टंट म्हणाला, "चाचा, मेनफ्रेमला आता फ्युचर नाही."

सलीमभाई डोक्यावरची टोपी मागं सारून बशीत चहा ओतत म्हणाले, "असं म्हननारे दोन साहेब रिटायर झाले. ही हायेच! मोठ्या बँकांत जाऊन बघा, आतून हीच चालती."

"पण कधीतरी बंद करावीच लागेल ना?"

"तवा मी करीन. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

पावसाळ्यात सलीमभाई हार्ट अटॅकनं गेले. आम्ही सगळे पोरके झालो.

आमचा ऑपरेटर गोरख शनिशिंगणापूरचा. पासवर्ड म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. "आमच्या घराला दार न्हाई साहेब, हितं कुलूप कशाला?" सलीमभाई गेल्यावर मॅनेजरनी दरडावून पासवर्ड ठेवायला लावला. दुसऱ्या सकाळी मशीन काही न विचारताच उघडलं! पासवर्ड आपण काढला नाही, अशी गोरखनं थेट शनिदेवाची शपथ घेतली. त्याच्या गावचा माणूस ही शपथ खोटी घेत नाही, म्हणून मॅनेजरनी विषय सोडून दिला.

झाडलोट करणाऱ्या कांताबाई दिवाळीनंतर लागल्या. सलीमभाईंना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. एकदा भरदुपारी त्या झाडू तसाच घेऊन परत आल्या.

"काय हो, झालं झाडून?"

"न्हाई. आत ते टोपीवाले चाचा कामात हुते. म्हनलं, उठल्यावर झाडू."

आम्ही सगळे बाहेरच उभे होतो. आत कुणीच नव्हतं.

मागच्या शुक्रवारी दुपारी गाड्यांचे नंबर क्लाउडवर वळवले. कन्सल्टंट म्हणाला, "चला, द्या कमांड."

सलीमभाईंची एक सवय होती. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला जाताना ते सगळ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ टाकून जायचे. मी एंटरकडे बोट नेलं आणि खोलीतल्या सगळ्या स्क्रीनवर तीच ओळ आली! "नमाजला गेलोय. येईपर्यंत हात लावू नका."

"आधीच सेट करून ठेवलं असेल," कन्सल्टंट बारीक आवाजात म्हणाला.

"दर येळी हातानंच टाइप करायचे," गोरख म्हणाला.

मी एंटरवरून बोट मागं घेतलं. थोड्या वेळानं मशिदीतून परतणारी माणसं खिडकीतून दिसायला लागली. तेवढ्यात माझ्यासमोर एकेक अक्षर उमटत गेलं.

"आलो. सरक, मी करतो."

मी सरकलो.